चुंबकाचं वावडं

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर इस्त्री केलेला बॉयलर सूट घालून येणारा माणूस मी एकच पाहिला. आजूबाजूला सगळे लुंगीत नाहीतर अर्ध्या चड्डीत, अंगाला खवले चिकटलेले, पायाखाली वितळलेल्या बर्फाचं लालसर पाणी, आणि त्यातून हे साठीचे गृहस्थ सुटाची घडी न मोडता, खांद्याला कापडी पिशवी लावून, एकेक पाऊल बघून टाकत यायचे. पिशवीत हत्यारं कमी आणि नारळाच्या झापाचे हीर, म्हणजे खराट्याच्या काड्या, जास्त. त्या हिरांबद्दल पुढे सांगतो.

मुंबईच्या गोदीत तीसेक वर्षं लाकूडकाम करून ते गावी परतले होते, म्हणून बंदरावर त्यांचं नाव पडलं गोदीवाले. तेही कुणाला नावाने हाक मारत नसत. बोट चालवणाऱ्या तांडेलाला तांडेल, खलाशाला खलाशी, आणि मला दुकानदार. बोटीवर लागणारी यंत्रं मी विकायचो. माशांचा थवा दाखवणारा फिशफाइंडर, वाट दाखवणारा जीपीएस, वायरलेस. आता मुलगा दुकान बघतो. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि सकाळी दोन तास गल्ल्यामागे बसण्यापलीकडे मला काम नाही. आठवायला वेळ खूप मिळतो. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती मी बारा वर्षं आठवायची टाळली.

गोदीवाले पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला वाटलं, कुणा बोटमालकाचे नातेवाईक असतील.

"काय दाखवू?"

"यंत्र नको. त्याचं पुस्तक बघायला मिळेल?"

"पुस्तक?"

"खोक्यात येतं ना सोबत. तुम्ही फेकता ते."

मी फेकत होतो हे खरंच. एक पुस्तक शोधून दिलं. ते बाहेरच्या बाकावर बसले आणि चार दिवस येऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, पेन्सिलीने खुणा करत. गोदीत राहून इंग्रजी वाचायला शिकले होते. पाचव्या दिवशी पुस्तक परत देताना म्हणाले, "दुकानदार, तुम्ही हे विकता, पण वाचत नाही. शेवटून तिसऱ्या पानावर लिहिलंय, होकायंत्रापासून हे किती लांब ठेवायचं. तुमची गिऱ्हाइकं तर होकायंत्राच्या डोक्यावर ठेवतायत."

त्या वेळी नव्या मोठ्या पडद्याची यंत्रं नुकतीच आली होती आणि ती बसवायची कशी याचा कुणी विचार केलेला नव्हता. कुणी फळीला खिळे मारून ठोकायचं, कुणी सुतळीने खिडकीच्या गजाला बांधायचं. एकाने तर जुन्या टीव्हीचं लोखंडी स्टँड आणून ठेवलं होतं. महिन्याभरात काच तडकायची, खारं पाणी आत शिरायचं, आणि तांडेल यंत्र घेऊन माझ्या दुकानात भांडायला हजर.

"याला घर लागेल," गोदीवाले म्हणाले. यंत्र बसवायच्या चौकटीला त्यांनी कधी स्टँड म्हटलं नाही. घरच म्हणायचे.

पहिलं घर त्यांनी माझ्या ओळखीतल्या एका तांडेलाच्या बोटीवर बांधलं. हा तांडेल खारवी समाजातला, सहा फुटाला थोडा कमी, तोंडाने फटकळ आणि समुद्रावर मात्र सावध. त्याला मी गोदीवाल्यांचं नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "शेट, बोटीवर चढायला इस्त्री लागते काय आता?"

गोदीवाल्यांनी केबिनच्या दारात एक बांबूची टोपली ठेवली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडून मोबाईल, किल्ल्या, कोयता, कमरेचा पट्टा त्या टोपलीत काढून घेतला. तांडेलाचं घड्याळसुद्धा. स्वतः पोलादी टेप वापरत नसत, कारण तोही लोखंडाचाच. मोजायचं ते हिराने. हीर जागेवर धरायचा, नखाने खूण करायची, तिथे मोडायचा. एकेका बोटीचे बारा-पंधरा हीर दोऱ्याने बांधून त्यावर चिठ्ठी लावायची. त्यांच्या घरी भिंतीला अशा जुड्या ओळीने टांगलेल्या असत आणि एखादी बोट काही वर्षांनी परत आली तरी तिची केबिन त्या जुडीत सापडायची.

पण मापं घेण्याआधी ते म्हणाले, "एक दिवस तुमच्यासोबत येतो."

"कुठं?"

"दर्यावर. बोट उभी असताना सगळंच नीट बसतं, तांडेल. हलल्यावर बोलू."

मजा अशी की तीस वर्षं जहाजांवर काम केलेला हा माणूस कधी समुद्रावर गेलाच नव्हता. जहाज गोदीत आलं की त्यांचं, सुटलं की दुसऱ्याचं. भगवतीच्या किल्ल्याचा खडक मागे पडला आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. तांडेल नंतर जेटीवर ते रंगवून सांगायचा. "पालथ्या क्रेटवर बसलेले माझ्या पाठी. हातात खडू. दर थोड्या वेळाने उठायचं, काठावर जाऊन ओकायचं, रुमालाने तोंड पुसून घडी करायची नि परत येऊन बसायचं. मी बोललो, परत फिरवतो बोट. तर मलाच बोलतात, तुम्ही समोर बघा, तुम्ही माझ्याकडे बघितलंत तर माझी मोजणी चुकते."

ते मोजत होते तांडेलाची नजर. तो किती वेळा समोर बघतो, किती वेळा जाळ्याकडे वळतो, वळताना मान कुठून जाते, पाय कुठे रोवतो, लाट आली की कोणत्या हाताने काय धरतो. समोरच्या फळीवर खडूचे ठिपके काढले होते. जिथे सगळ्यात जास्त ठिपके पडले तिथे होकायंत्र होतं. "ही जागा आधीच घेतलेली आहे," ते म्हणाले. "नव्याने बाजूला बसायचं."

मग सागाच्या लाकडाचं घर तयार झालं. वरून पुढे आलेली छपरी, ऊन पडद्यावर पडू नये म्हणून. मागे पितळी बिजागरी, म्हणजे जाळं ओढताना पडदा मागच्या माणसाकडे वळवता येईल. कोपऱ्यात सायकलच्या ट्यूबच्या चकत्या, इंजिनचा धक्का खाण्यासाठी. प्रत्येक स्क्रू पितळेचा आणि प्रत्येक स्क्रूची खाच उभी. एकही आडवी नाही, तिरकी नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आडव्या खाचेत खारं पाणी बसून राहतं. उभीतून उतरतं." मग म्हणाले, "आणि दुसऱ्या कुणी हात घातला तर कळतं."

शेवटची परीक्षा तांडेलाची. "डोळे मिटा. पडदा चालू करा."

तांडेलाने हात टाकला, बटण चार बोटं खाली राहिलं. गोदीवाल्यांनी घर सोडवलं, पिशवीत घातलं आणि घरी घेऊन गेले. दुसऱ्यांदा आणलं, तेव्हा एक बोट राहिलं. परत नेलं. तिसऱ्यांदा तांडेल वैतागून म्हणाला, "ओ गोदीवाले, मी काय आंधळा होऊन बोट चालवणाराय?" पण डोळे मिटले आणि बोट बरोबर बटणावर पडलं. दुसऱ्या दिवशी त्यानेच आणखी तीन तांडेल माझ्याकडे पाठवले.

घर बसवून झालं की बोट खाडीच्या तोंडाशी न्यायची, दीपगृहाच्या दिशेने नाक करायचं, आणि होकायंत्र आधी काय दाखवत होतं नि आता काय दाखवतं ते ताडून पाहायचं. काटाभर फरक दिसला तरी सगळं सोडवायचं. काम पूर्ण करून दिल्यावर बरोबर महिन्याने पुन्हा येऊन सगळे स्क्रू बघायचे. या दोन गोष्टी त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. एकदाच चुकवली, ती दुसरी.

ते बौद्ध होते. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले, हे त्यांनीच मला कधीतरी सहज सांगितलं होतं. मी ते ऐकून घेतलं आणि विसरलोही नाही. दुकानात त्यांना मी रोज चहा द्यायचो. माझं घर दुकानाच्या मागेच आहे, पण तिथे त्यांना कधी बोलावलं नाही. तेव्हा हे मला खटकत नव्हतं. आज खटकतं, म्हणून लिहिलं.

काही वर्षं चांगली गेली. मग दुसरी दुकानं आली, आणि गिऱ्हाईक धरून ठेवायला मी एक युक्ती काढली. मोटारीत ठेवतात तसे छोटे गणपती, बुडाला चुंबक असलेले, घाऊक आणले. प्रत्येक यंत्रामागे एक भेट. मुसलमान तांडेलांसाठी तशीच चुंबकाची, आयत लिहिलेली पाटी. लोक खूश झाले. फक्त एक अडचण होती. गोदीवाल्यांचं घर साग आणि पितळेचं, त्यावर चुंबक चिकटेना.

एका दुपारी ते दुकानात आले आणि गल्ल्यावरचा गणपती उचलून उलटा केला.

"दुकानदार, हा बसणार कशावर?"

"ही पट्टी आणलीय," मी बोटभर लोखंडी पट्टी दाखवली. "तुमच्या घराच्या कपाळावर चार स्क्रू मारले की झालं."

"कपाळावर नको. तिथून होकायंत्र वीतभर आहे. मागे बसवा. दाराच्या वर बसवा."

"तांडेल सकाळी हात जोडणार तो काय पाठ फिरवून जोडणार?"

"फिरवून जोडू दे."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मला कोणी शिकवावं हे मला रुचलं नाही. मी म्हणालो, "गोदीवाले, तुम्हाला देवाचं वावडं आहे ते ठाऊक आहे हो. बाकीच्यांना नाही."

त्यांनी गणपती हलक्या हाताने सुलटा करून जागेवर ठेवला.

"मला देवाचं वावडं नाही, दुकानदार. चुंबकाचं आहे."

एवढंच बोलून ते गेले. मी तो प्रसंग जेटीवर विनोद म्हणून सांगितला, आणि सांगताना माझं वाक्य ठेवलं, त्यांचं उत्तर गाळलं. आठवड्याभरात बंदरभर झालं की गोदीवाल्यांना बोटीवर गणपती चालत नाही.

त्याच मोसमात त्या पहिल्या, फटकळ तांडेलाने आणखी मोठा पडदा घेतला. गोदीवाल्यांनी नवं घर बांधलं, दीपगृहावर होकायंत्र ताडून पाहिलं, आणि समाधानाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघायची होती. जेटीवर तांडेल आणि खलाशी नारळ फोडत होते तेव्हा मी केबिनमध्ये शिरलो, पट्टीला चार लोखंडी स्क्रू मारले, आणि गणपती चिकटवला. तांडेल आत आला, देव समोर बघून त्याचा चेहरा उजळला. देव मी ठेवला एवढंच त्याला दिसलं; खाली पट्टी आहे, चुंबक आहे, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने हात जोडले, मीही जोडले.

त्यानंतर होकायंत्राकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पडद्यावर रंगीत रेघ दिसत असताना कोण बघतो? ऑक्टोबरात एका दुपारी दर्यावर असताना वादळी पावसाची झड आली, बॅटरीत पाणी गेलं आणि पडदा काळा झाला. किनारा दिसत नव्हता. तांडेल जुना माणूस, घाबरला नाही. होकायंत्रावर पूर्व धरली आणि रत्नागिरीकडे निघाला. होकायंत्र पूर्व म्हणत होतं ती पूर्व नव्हती. किनारा दिसला तेव्हा ते रत्नागिरीच्या दक्षिणेला गणेशगुळ्याच्या खालचे खडक होते आणि बोट वळवायला जागा नव्हती. तळ उभा फाटला. मागून येणाऱ्या दुसऱ्या बोटीने सगळ्यांना वर घेतलं. माणसं वाचली. एका खलाशाचा पाय मोडला, तो पुन्हा बोटीवर चढला नाही.

दोन दिवसांनी भरतीला चार ट्रॉलरनी मिळून बोट ओढून आणली आणि मिरकरवाड्याच्या चिखलात आडवी केली. सकाळी मी यंत्र उतरवायला म्हणून चढलो. ते माझंच काम, कुणी विचारलंही नाही. केबिन सगळी खारटलेली. पडदा फुटलेला. पण घर होतं तसं होतं, एक सांधा हललेला नव्हता. आणि त्याच्या कपाळावर माझा गणपती.

मी तो उचलला आणि होकायंत्राची तबकडी हळूच फिरली.

मी तो परत जागेवर ठेवला. तबकडी परत फिरली, उलट्या बाजूला. असं मी दोनदा केलं. मग खाली माणसांचे आवाज आले आणि मी गणपती खिशात टाकला.

पट्टी काढायला वेळ नव्हता. तांडेल वर आला, मागून मच्छीमार सोसायटीची पाचसहा माणसं. "होकायंत्रच खोटं बोललं," तांडेल म्हणत होता. "माझा हात नाय चुकला." मग कुणाचं तरी लक्ष पट्टीकडे गेलं. लोखंड. गोदीवाल्यांच्या घरावर, होकायंत्राशेजारी.

"दुसऱ्याच्या कमरेचा पट्टा काढून घेणार, नि स्वतः लोखंड लावलंन," एकजण म्हणाला.

"देवाला नको बोललेला ना?" दुसरा म्हणाला. "मग असंच व्हायचं."

"देव कुठाय?" तांडेलाने विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. तो रिकाम्या पट्टीकडे बघत राहिला. "पाण्यात गेला. आमच्या वाटचं अंगावर घेतलंन त्याने. म्हणून आमी उभे आहोत."

गणपतीचं टोक खिशातून माझ्या मांडीला टोचत होतं. मी मान हलवली.

दुपारी गोदीवाले आले. कुणीतरी निरोप धाडला होता. चिखलात उतरले, पहिल्यांदा त्यांच्या सुटाला चिखल लागलेला मी पाहिला. केबिनमध्ये येऊन ते वाकले आणि पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. चार स्क्रू, चारांच्या खाचा चार दिशांना. पट्टी दोन दिवसांत गंजून तांबडी झाली होती, फक्त मधे रुपयाएवढा गोल डाग कोरडा आणि स्वच्छ होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"इथे काय होतं?"

"देव होता," तांडेल म्हणाला. "पाण्यात गेला."

गोदीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं माप पुन्हा घ्यावं तसं पाहिलं.

"लोखंड कोणी लावलं, गोदीवाले?" तांडेलाचा आवाज चढला. "घर तुमचं आहे, तुमीच सांगा."

स्क्रूंच्या खाचा बघा, एवढं ते म्हणाले असते तरी पुरलं असतं. उभ्या खाचांची त्यांची सवय बंदरावर सगळ्यांना ठाऊक होती, त्यावरून त्यांची टिंगलही व्हायची. मी वाट बघत होतो. खरं तर त्यांनी म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला सुटल्यासारखं झालं असतं.

"घर माझंच आहे," ते म्हणाले. "महिन्याने बघायला यायचं असतं. या वेळी तापाने पडलो होतो, आलो नाही. आलो असतो तर दिसलं असतं. चूक माझी."

आणि चिखलातून चालत निघून गेले.

त्या दिवसापासून त्यांना कुणी काम दिलं नाही. मी बोललो असतो तर माझं दुकान बंद पडलं असतं, एवढं एक कारण मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण दुसरंही होतं. दोष त्यांच्यावर किती सहज बसला ते मी पाहिलं होतं. तो तसा बसावा म्हणून जागा मीच करून ठेवली होती, तो विनोद सांगून. माझ्यावर संशय यायला माझ्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर ते दुकानात आले. बॉयलर सूट धुवून, इस्त्री करून.

"दुकानदार, देव आणि पाट्या कुठल्या कुठल्या बोटींवर दिल्यात, त्यांची यादी द्या."

"कशाला?"

"माझे स्क्रू बघायचेत."

मी वहीतून नावं उतरवून दिली. चहा मागवला, तो ते न घेता गेले.

त्यानंतर चार महिने ते बोटीबोटीवर फिरत होते. स्क्रू बघतो म्हणून केबिनमध्ये शिरायचे आणि आत गेल्यावर तांडेलाला समजावायचे की देवाला समोर इंजिनचा धक्का बसतो, मागे डाव्या कोपऱ्यात त्याला चांगली जागा करून देतो. आणि खरंच करून द्यायचे. ओंजळीएवढी सागाची फळी, पुढे पितळेची कड, मागे छोटी कमान. गणपतीच्या बुडातलं चुंबक पटाशीने उकरून काढायचं आणि तिथे लाकडी खुंटी बसवून देव फळीत रोवायचा. पाट्यांना तशीच चौकट. ज्यांनी कधी आपल्या घरात देव ठेवला नाही त्यांनी त्या हिवाळ्यात निम्म्या बंदराचे देव्हारे घडवले. जेटीवर लोक हसायचे. "गोदीवाल्यांनी धसका घेतलाय, आता देवळं बांधतायत." ते ऐकून घ्यायचे, आणि पुढच्या बोटीवर चढायचे. कुठल्याही कमानीत एक आडवी खाच सापडणार नाही. मी नंतर जाऊन बघितल्या आहेत.

होळीच्या सुमाराला ते पुन्हा आले आणि गल्ल्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला.

"हे तुमचं."

उघडलं तर आत चुंबकं. एकमेकांना चिकटून त्यांचा काळा गोळा झालेला.

"मोजून घ्या," ते म्हणाले. "यादीपेक्षा एक कमी आहे. ते तुमच्याकडे असेल."

मी डब्याचं झाकण लावलं. नंतर कधीही त्यांनी हा विषय काढला नाही. रस्त्यात भेटले की "दुकानदार, बरे आहात ना" म्हणायचे आणि खरंच उत्तरासाठी थांबायचे.

गेल्या वर्षी ते वारले. मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर हिरांच्या जुड्या अजून होत्या, धूळ न बसलेल्या. त्यांची मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिने चहा दिला, मी पिऊन परत आलो. या मे महिन्यात पुन्हा गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, खिशापर्यंत. तिने मधे एकदाही थांबवलं नाही.

"काका, हे मला का सांगताय?" ती म्हणाली. "बाबांनी लोखंड लावलं असेल असं मला एक दिवसही वाटलं नाही. ज्यांना वाटलं त्यांना सांगा."

मी म्हटलं, सांगेन, आणि लिहूनही काढेन. त्यांचं पूर्ण नाव लिहू का?

तिने विचार केला. "नको. गोदीवालेच लिहा. बंदरावर दोष त्या नावावर बसलाय. तिथूनच काढा."

ऑगस्टात मासेमारी सुरू झाली तेव्हा मुलासोबत एका नव्या फायबरच्या बोटीवर गेलो. जायची गरज नव्हती, धीर गोळा करत होतो. केबिनमध्ये डावीकडे मागच्या कोपऱ्यात फायबरचाच छोटा कोनाडा होता, त्यात देव. तिशीतला तांडेल. त्याला विचारलं, देव समोर का नाही?

"समोर नसतो ठेवत, आजोबा. डावीकडे मागेच असतो. रीत आहे."

"कोणी घातली?"

"कोणी म्हणजे? पूर्वीपासूनच आहे."

तिथून उतरलो तो थेट जुन्या तांडेलाच्या घरी गेलो. तो आता दर्यावर जात नाही, पडवीत बसून जाळी विणतो. मी बसलो नाही. पट्टी, स्क्रू, गणपती, तबकडी, सगळं सांगितलं. त्याचे हात विणायचे थांबले नाहीत. शेवटी खिशाचं सांगितलं तेव्हा थांबले.

"देव तुमी खिशात घातलात?"

"हो."

"नि मी बारा वर्षं गावभर सांगतोय, देव पाण्यात गेला, आमच्या वाटचं त्याने घेतलंन." तो माझ्याकडे न बघता समोरच्या जाळ्याकडे बघत होता. "म्हणजे देवाने काय घेतलं नाय. गोदीवाल्यांनी घेतलंनी."

त्याने सुई जाळ्यात खोचली, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि सदरा अंगात घातला.

"चला शेट. सोसायटीत आता पोरं बसलेली असतात, नि म्हातारेही असतात. मी बाजूला उभा राहीन. पण बोलायचं तुमी."

मिरकरवाड्यापर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. तिथे पंचवीस-तीस माणसं होती. मी सांगितलं. जसं इथे लिहिलं आहे तसंच, फक्त तेव्हा मला वाक्यं नीट जमली नाहीत.